झुळूक कोण म्हणालं?

नाही नाही, तिथून नको, खोड ते. "माझ्या आजीची नणंद" अशी सुरुवात करतं का कुणी? नणंद माझी, गोष्ट माझी, तू फक्त हात आहेस. वन्सं लिही. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला मी पन्नास वर्षं वन्सं म्हणत आले, कागदावर काय वेगळी होणार आहे ती?

आणि आधी मला सांग, आत्याचा फोन आला का? बघ बघ, नीट बघ त्या डबीत. नाही ना? अकरा दिवस झाले. गाडी शिकवायचा शेवटचा तास संपला की रोज सहाला फोन करते मला. "आई, आज एका बाईंनी गाडी थेट कचऱ्याच्या डब्यावर चढवली," असलं काहीतरी सांगते, मी हसते, ती ठेवते. एवढंच. पण पंचवीस वर्षांत चुकलं नाही. आता अकरा दिवस गप्प. तिला माझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, ती मी सांगितली तर फोन बंद होईल अशी भीती वाटत होती म्हणून सांगितली नाही, आणि नाही सांगितली म्हणून बंद झाला. आता बोल!

तर लिही, पहिल्यापासून लिही, म्हणजे परक्या माणसालाही कळेल.

आपल्या घरात बाळाचं नाव कुणी ठेवत नाही, ते पडतं. बाळ बाहेर आलं की त्यानंतर आईच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल, तेच त्याचं नाव. कळवळणं धरायचं नाही, हुं हुं धरायचं नाही, आणि "आई गं" तर मुळीच धरायचं नाही, नाहीतर आपल्या घरात सगळ्यांचीच नावं आई झाली असती. कागदोपत्री काय हवं ते लिहा, शाळेत काय हवं ते सांगा, पण घरात हाक मारायची ती त्याच नावाने. लोक हसतात, हसू देत. खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंनी नातवाचं नाव फोनमध्ये शोधून ठेवलं, अर्थ म्हणे सात दिशांचा न हरणारा प्रकाश. तो प्रकाश कालच जिन्यात बसून नाकात बोट घालत होता. मी म्हणते, अर्थ आधी चिकटवून काय होतं? माझ्या सासूबाई सांगायच्या, "डोक्यातून काढलेलं नाव म्हणजे दुकानातून आणलेला सदरा. हे नाव अंगातून आलेलं असतं. त्या वेळेला आई खोटं बोलूच शकत नाही, तेवढी ताकदच नसते तिच्यात. लेकराला मिळणारी पहिली गोष्ट खरी असावी, मग ती साधी का असेना."

ऐकायला किती छान, नाही? आणि मग बाहेर काय येतं ते बघ. तुझा बाप पोटात होता तेव्हा मी नऊ महिने पाठ करत होते, मोती, मोती, मोती. भांडी घासताना मोती, झोपताना मोती. आणि वेळ आली तेव्हा संध्याकाळ होती, नर्स उजेडात आडवी उभी राहिली, मी ओरडले "दिवा!" झालं. दिवा तर दिवा. तो तरी बरा निघाला. दोन वर्षांनी तुझ्या काकाच्या वेळी मला मळमळलं. म्हणून तो बादली. विमा विकतो ना तो, सांगतो, "आजी... " नाही, आजी नाही, मला आई म्हणतो तो. लिही नीट. सांगतो, "आई, एकदा नाव सांगितलं की गिऱ्हाईक जन्मात विसरत नाही." आणि तू? तुझ्या आईला बातमी कळवायची घाई, हातातला फोन बंद पडलेला, डॉक्टरबाई बाळ दाखवतायत आणि ही म्हणतेय, "चार्जर!" हसतेस काय? लिही, माझं नाव चार्जर. लाज कसली त्यात?

बरं. आता आई खोलीत काय म्हणाली हे बाहेर कळणार कसं? त्यासाठी आत एक ऐकणारी लागते. घरातली एक बाई, जिच्या कानावर आणि जिभेवर सगळ्यांचा विश्वास. ती आत बसते, ऐकते, बाहेर येऊन दारात सांगते, आणि मग त्यावर अपील नाही. सासूबाईंच्या नंतर... नाही, त्यांच्या बहिणीनंतर, वन्सं ऐकणारी झाली. तेवीस वर्षांची होती. आज एक्क्याऐंशी आहे. या घरातला, दिरांच्या घरातला, लेकीबाळींच्या घरातला एकूण एक शब्द तिने उचलून आणलेला आहे.

वन्सं कशी होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ती कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. लांबच लांब टेबल, वर पांढरी नळी जळतेय, समोर सदऱ्यांची चवड. सदरा घ्यायचा, उलटा करायचा, काखेतली शिवण ताणून बघायची, प्रत्येक बटण दोन बोटांत धरून हिसका द्यायचा, कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून बघायची. बरोबर असेल तर उजवीकडे, नसेल तर लाल कापडाची चिंधी बांधून डावीकडे. तिची डावी बाजू नेहमी उंच. शिवणाऱ्या पोरी तिला कैची म्हणायच्या, मागे. पुढे कोण म्हणणार? एकदा साहेब स्वतः येऊन उभे राहिले, गाडी लागलीय, माल भरायचाय, "बाई, एवढं एक गाठोडं जाऊ द्या ना, एका बाहीची लांबी बोटभर कमी आहे, कोण बघतंय?" वन्संनी मान वर केली नाही. म्हणाली, "मी बघतेय ना." गेलं नाही ते गाठोडं. साहेब नंतर सगळ्यांना सांगत फिरायचे की या बाईंनी मला माझ्याच कारखान्यातून बाहेर काढलं, आणि दर वर्षी पगार वाढवताना पहिलं नाव तिचंच.

घरातही तीच गत. मी नवी नवरी, भात... नको, भात नको, पाव लिही. पाव कापायला बसले तर ही समोर. "वहिनी, इकडचा जाड झालाय." अगं बाई, पोटात गेल्यावर कोण मोजतं? पण नाही. मी तिला घाबरायचे आणि मागे नक्कलही करायचे. बटणाला हिसका देऊन दाखवायचे तुझ्या आजोबांना. ते हसायचे आणि म्हणायचे, "हळू, भिंतीला कान आहेत, आणि ते ताईचेच आहेत."

तिचं स्वतःचं नाव तुला माहीत आहे ना? पुन्हा. चौथी मुलगी. आई दमलेली, बाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "पुन्हा!" झालं नाव. शाळेत दप्तर घेऊन जायची तर पोरं ओळीने ओरडायची, पुन्हा आली, पुन्हा आली. ती कधी रडली नाही म्हणतात. उलट मान ताठ. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझी आई खरं बोलली. तुमची बोलली का?" अशी बाई. लग्न केलं नाही. का ते मला विचारू नकोस, मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दोन आले होते, दोघांच्याही शिवणी तपासल्या." पुढे काही नाही. कारखान्यासमोरच्या गल्लीत एक खोली घेतली, तिथेच राहते अजून. पलंग, कपाट, खिडकीत एक खुर्ची. खिडकीचा पडदासुद्धा दोन्ही बाजूंनी सारखा.

आणि वाकायची म्हणून नाही. झुरळदादाचं माहीत आहे तुला? हो, तोच, बेकरीवाला, तुझ्या धाकट्या चुलतआजोबांचा मुलगा. त्याची आई, माझी जाऊ, बाळंत झाली आणि बाळ बाजूला ठेवतात न ठेवतात तोच उशीवरून एक झुरळ पळालं. ती बिचारी ओरडली, "झुरळ!" मग भानावर आली. केवढी रडली! वन्संचे हात धरले. "अहो वन्सं, मी घाबरले हो, ते बाळाला नव्हतं, ते त्या किड्याला होतं, धरू नका ना!" वन्सं म्हणाली, "घाबरून का होईना, तोंड तुझंच होतं." आणि बाहेर येऊन दारात सांगितलं, "झुरळ." सासूबाईंनीसुद्धा कपाळाला हात लावला. पण रीत ती रीत. आता बेकरी आहे त्याची, चांगली चालते, पण पाटीवर मालकाचं नाव लावता येतं का सांग? इतरांच्या पाट्यांवर नावं, याच्या पाटीवर नुसतं "बेकरी". म्हणतो, "काकी, नाव लिहिलं तर गिऱ्हाईक आत येण्याऐवजी चप्पल घेऊन येईल."

तर अशी ही वन्सं. बाहीची बोटभर लांबी न सोडणारी. आणि आता तुझ्या आत्याचं नाव बघ. झुळूक.

दिवा, बादली, झुरळ, चार्जर, आणि मध्येच झुळूक! म्हणजे गाढवांच्या ओळीत एक मोर. लहानपणापासून तिला सगळ्यांनी छळलं. बादली म्हणायचा, "आई माझ्या वेळी ओकत होती आणि तुझ्या वेळी कविता करत होती." आणि ती वाढली कशी? उंच, धिप्पाड, आवाज असा की रस्त्याच्या पलीकडची गाडी थांबावी. गाडी शिकवते, मोठमोठे बाप्ये तिच्या शेजारी बसून घामाघूम होतात. "नाव झुळूक आणि बाई वादळ," असं तिचे शिकाऊ म्हणतात. पण नाव तिला आवडायचं. घरात एकटीच ती होती जिने शाळेतही तेच नाव लावलं, गाडीच्या परवान्यावरही तेच, शिकवणीच्या पाटीवरही तेच. कुणी विचारलं की सांगायची, "मी जन्मले तेव्हा माझ्या आईला वाऱ्याची झुळूक आठवली." तिला तेवढं पुरत होतं.

आता झालं काय. तिची लेक, आपली बर्फ, पुढच्या महिन्यात बाळंत होणार. वन्संना जिन्याची चढउतार झेपत नाही, दवाखान्यात तासन् तास बसवत नाही. तिने झुळूकला बोलावलं आणि म्हणाली, "आता तू ऐकणारी." केवढा मान! दुसरी असती तर नाचली असती. तुझी आत्या नाचली नाही. ती विचारात पडली. आणि अकरा दिवसांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, वन्संच्या खोलीत आपण पाच जण जमलो होतो तेव्हा बोलली. तू होतीस तिथे, चहा करत होतीस, पण स्टोव्हचा आवाज होता, तू निम्मं ऐकलंस. मी सांगते पूर्ण.

झुरळदादाने केक आणला होता. तो कापत होता, वन्सं तुकडे सारखे होतायत का ते बघत होती. झुळूक उभीच होती. म्हणाली, "आत्या, मी आत बसेन. पण आधी एक सांग. माझ्या वेळी आई काय म्हणाली होती?"

वन्सं म्हणाली, "ऐकलं ते सांगितलं."

"झुळूक?"

"ऐकलं ते सांगितलं."

"आत्या, मी पंधरा बाळंतिणींच्या उशाशी बसले नसेन, पण स्वतः एक बाळंतपण केलंय. मी बर्फ मागितला. दात आवळून मागितला. त्या वेळेला झुळूक कोण म्हणतं?" मग माझ्याकडे वळली. "आई, वारा सुटला की तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "वारा सुटलाय म्हणते."

"आणि फार गोड वारा असला तर?"

"बरं वाटतंय म्हणते."

"बघा! जन्मात कधी झुळूक म्हणाली नाही ही बाई. माझं नाव सोडून कधीच नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?"

वन्सं केकाकडे बघत होती. मी जमिनीकडे. आणि झुरळदादा, हातात सुरी तशीच, एकदम ओरडला, "थांब थांब थांब! म्हणजे तेव्हा खोटं बोलता येत होतं? आत्या! खोटं बोलता येत होतं? मग मी काय घोडं मारलं होतं? मला मोर म्हणाली असतीस! घार! काहीही! अगं, फुलपाखरू म्हणाली असतीस, तेही किडाच आहे!"

मला हसू फुटलं. खरंच सांगते, नको तेव्हा फुटलं. आणि झुळूकने ते बघितलं. तिचे डोळे भरून आले, तिने चाव्या उचलल्या आणि म्हणाली, "मला कोणाच्या लेकराला खोटं नाव द्यायचं नाही. आणि माझंच खोटं असेल तर मी काय तोंडाने दारात उभी राहू? आई, तू काय म्हणाली होतीस ते मला सांग. वाईट असेल म्हणूनच लपवलंय ना? मग मला माझं वाईट तरी दे." आणि गेली. खाली गाडी सुरू झाली ती अशी, की शिकाऊ माणसानेसुद्धा तशी करू नये.

झुरळदादा केक तसाच ठेवून तिच्या मागे गेला. तू कप धुवायला गेलीस. खोलीत आम्ही दोघी उरलो. मी म्हटलं, "वन्सं, सांगून टाका ना. तुम्ही सांगितलं तर तिला कमी लागेल."

ती खिडकीतून खाली बघत होती. म्हणाली, "मी बोलले तर माझा शब्द गेला. मग झुरळ खरा का, बादली खरा का, सगळेच विचारतील. त्याचं मला काही नाही, म्हातारी झाले, जाऊ दे शब्द. पण वहिनी, शब्द तुझा होता. मी नुसता झाकून ठेवला. ज्याचा त्याने द्यावा."

मी केकवर ताट झाकलं आणि तुला घेऊन घरी आले. 

आता मुख्य लिही. हळू बोलते म्हणजे चुकणार नाहीस.

झुळूकच्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते. दिवा चार वर्षांचा, बादली दोनचा. तुझे आजोबा बोटीवर नोकरीला लागलेले, सहा सहा महिने तोंड दिसायचं नाही. एक खोली, सार्वजनिक नळ, सासूबाईंचा पाय मोडलेला, बादलीला सारखा खोकला. मी त्या दिवशी सकाळी चादरी धुऊन वाळत घातल्या आणि तशीच दवाखान्यात चालत गेले. दुपार होती. वीज गेलेली. पंखा बंद, खिडकी उघडी, पण बाहेर पान हलत नव्हतं. वन्सं कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी टाकून आली होती, खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली होती, सदऱ्यासारखी मला तपासत.

या वेळी मी काही पाठ केलं नव्हतं. ताकदच नव्हती. दोन वाजता झुळूक आली. नर्सने उचलून धरलं आणि म्हणाली, "बाई, बघा." मुलगी का मुलगा हेसुद्धा मी बघितलं नव्हतं. मी डोळे उघडले, ते एवढंसं लाल काहीतरी बघितलं, आणि माझ्या तोंडून आलं, "कशाला!"

लिहिलंस? दाखव. हो. तेच. कशाला.

आता मला सारवासारव करता येते गं, म्हणता येतं की मी नर्सला म्हणाले, उजेडाला म्हणाले. जाऊ जशी किड्याचं सांगत होती तसं. पण नाही. मी बाळालाच म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मुलगी म्हणून नाही, झुळूकला एवढं नीट कळू दे, मुलगा असता तरी तेच आलं असतं. मी इतकी दमले होते की कुणीतरी आणखी एक जण माझ्यावर अवलंबून राहणार, हे मला झेपत नव्हतं. तेवढ्या एका श्वासापुरती मला ती नको होती. हे खरं आहे. सासूबाई म्हणायच्या ना, त्या वेळी आई खोटं बोलू शकत नाही.

आणि मग मला कळलं मी काय केलं. मी वन्संकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती. मी हातसुद्धा जोडू शकले नाही, जोडून उपयोग काय, झुरळाच्या आईने जोडलेच होते की. डोळ्यांसमोर दिसायला लागलं, शाळेतली पोरं ओळीने ओरडतायत, कशाला आली, कशाला आली. लग्नाच्या दिवशी, नोकरीच्या दारात, आयुष्यभर. कशाला, इकडे ये. कशाला, जेवायला चल.

वन्संनी बाळाला नर्सच्या हातातून घेतलं. तेही कधी करायची नाही ती, ऐकणारीने बाळाला हात लावायचा नसतो. तिला उलटी पालटी केली, हात बघितले, पाय बघितले, दोन बोटांत तिचा अंगठा धरून हळूच हिसका दिला, बटणाला द्यायची तसा. मग माझ्या छातीवर ठेवली आणि दाराकडे गेली. दारात सासूबाई काठी टेकून, मोठे दीर, जाऊ, सगळे. 

वन्सं म्हणाली, "झुळूक."

सासूबाई म्हणाल्या, "ही? झुळूक म्हणाली? आमची ही?"

वन्सं म्हणाली, "ऐकलं ते सांगितलं."

"अगं, वारा कुठे आहे आज?"

"म्हणूनच म्हणाली असेल."

बस. मला जन्मात सुचलं नसतं. तिला कसं सुचलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. उकाड्यात बसली होती, स्वतःलाच हवी असेल बिचारीला.

पुढचा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, मी असलं अभद्र बोलले म्हणून रागावली. तसं नव्हतं. तिला खोटं बोलायला लागलं ना माझ्यामुळे, त्याचा राग. त्याच आठवड्यात कारखान्यातून तक्रार आली, एका सदऱ्याला वाकडा खिसा. तिच्या उजव्या बाजूच्या चवडीतून गेला होता. सगळ्या कारखान्यात बोभाटा, कैचीच्या हातून वाकडा खिसा सुटला! साहेबांनी म्हणे पेढे... नाही, पेढे नको लिहू, चहा दिला सगळ्यांना.  मला एकटीला माहीत होतं तिचं लक्ष कुठे होतं ते.

तेव्हापासून झाकली मूठ. ती कधी बोलली नाही, मी कधी बोलले नाही. झुळूकला पहिला ताप आला तेव्हा मी रात्रभर नाही, दिवसभर नाही, तीन दिवस तिला खाली ठेवलं नाही, ते याच्यामुळे, असं तिला वाटू नये. कोणतीही आई ठेवत नाही. मी काही प्रायश्चित्त घेत नव्हते. मला ती आवडायला लागली होती, एवढंच. केव्हापासून ते सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत असेल. चहा प्यायल्यानंतर असेल.

आता ती म्हणते, माझं नाव खोटं. मी अकरा दिवस हाच विचार करतेय. सासूबाईंच्या हिशेबाने खोटंच. आईच्या तोंडून आलं नाही. पण तिला मिळालेली पहिली गोष्ट कुणाच्या तरी तोंडून आलीच ना? जी बाई 'पुन्हा' या नावाने शाळेत गेली, जिने जावेच्या रडण्यापुढे मान हलवली नाही, साहेबाच्या गाडीसाठी बोटभर बाही सोडली नाही, तिने आयुष्यात एकदाच, एकाच पोरीसाठी, आपला शब्द मोडला. मला तरी ते फार खोटं वाटत नाही. पण मी अडाणी बाई. झुळूकने ठरवावं. हवं तर मला 'कशाला' म्हणून हाक मारा म्हणेल, मी मारेन. जीभ अडखळेल दोन दिवस, मग सरावेल. झुरळ सरावला तसं.

बर्फच्या वेळी तिने आत बसावं की नाही, तेही तिचं. मी एवढंच म्हणेन की मी त्या पलंगावर असते, आणि उशाशी कोण हवं असं विचारलं असतं, तर जिला स्वतःचा पहिला शब्द माहीत आहे आणि तरी जी उभी आहे, तिला मी बोलावलं असतं. हे लिहिलंस का? फार शहाण्यासारखं झालं, हो ना? राहू दे, एखादं वाक्य चालतं.

आता पेन ठेव आणि चप्पल घाल. हे सगळे कागद घे, घडी नको घालू, पुसट होतील. सहाला तिचा शेवटचा तास संपतो, चौकाच्या पुढच्या मोकळ्या मैदानात गाडी लावते ती. तिच्याच हातात दे, झुरळदादा वाटेत भेटला तर त्याला दाखवू नको, त्याचं वेगळं प्रकरण आहे, त्याला मी समक्ष बघेन. आणि तिला सांग, वाचून झाल्यावर रागावायचं असेल तर फोनवर रागावू नको म्हणावं, मला फोनवर नीट ऐकू येत नाही. घरी ये म्हणावं. आई दार उघडं ठेवून बसलीय, येऊन भांड.